फाटकावरचा माचिशींचा डबा

यवतमाळातल्या इंग्रजांच्या काळच्या, बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याचं कलासंग्रहालय करायचं काम माझ्या देखरेखीखाली चाललं होतं. फाटकाशी स्टुलावर एक म्हातारा बसायचा. मला वाटायचं तो ठेकेदाराचा माणूस आहे आणि ठेकेदाराला वाटायचं तो माझा आहे. त्यामुळे त्याला कोणीच उठवलं नाही.

आत जाणाऱ्या प्रत्येकाचे खिसे तो चाचपायचा आणि माचिस, लायटर काढून पत्र्याच्या डब्यात टाकायचा. बाहेर पडताना ज्याची वस्तू त्याला परत द्यायचा. जिनिंग चालू होतं तेव्हाचा तो नियम होता, कारण कापसाला एक ठिणगी पुरते.

"बाबा, आता आत कापूस कुठे आहे?" मी एकदा विचारलं.

"आज नाही जी. उद्या आला त?"

जिल्ह्यातल्या जिनिंगा तेव्हा एकामागून एक बंद होत होत्या.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पुण्याच्या एका शिल्पकाराने मधल्या दालनात ढीग मांडायला टेम्पोभर कापूस आणवला. ती त्याची कलाकृती होती. टेम्पो फाटकातून शिरताना म्हातारा उठून उभा राहिला आणि त्याने सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे समईपुढे उभे राहिले आणि अख्ख्या इमारतीत माचिस सापडेना. मी फाटकावर गेलो. पाहुण्यांचा लायटरही डब्यातच होता.

"बाबा, एक माचिस द्या. दिवा लावायचा आहे."

त्याने डबा मांडीवर ओढून घेतला.

"काहून मजाक करून राह्यले साहेब," तो म्हणाला. "आता त आत कापूस हाये."