दिघेमास्तरांची कोरडी नदी

अंबरनाथच्या शाळेत चित्रकला शिकवणारे दिनानाथ दिघे दर रविवारी सायकलवर रंगांची पेटी बांधून बदलापूरकडे जात आणि समोर दिसेल तेच रंगवत. झाड वठलेलं असेल तर वठलेलंच.

१९५३ च्या चैत्रात त्यांनी जांभूळ गावाजवळची बारवी नदी रंगवली. उघडे पडलेले खडक, मधोमध एवढंसं डबकं, पलीकडे पेरणीआधी पालापाचोळ्याचा राब भाजून काळी झालेली शेतं. त्यासाठी तीन रविवार ते उन्हात बसले. उल्हासनगरात छापखाना चालवणारा शशिकांत त्यांचा शिकतानाचा मित्र. "दिना, कॅलेंडरला दे. घरोघर जाईल," तो म्हणाला. मास्तरांनी विश्वासाने दिलं.

दिवाळीनंतर मुख्याध्यापकांनी मास्तरांना खोलीत बोलावून भिंतीकडे बोट दाखवलं. "वा दिघे! आता कुठे तुमच्या हाताला सौंदर्य सापडलं!"

कॅलेंडरवर नदी दुथडी भरलेली, निळीशार. पाण्यात दोन हंस, खडकावर घागर घेतलेली नटवी बाई. खाली ठळक सही, दि. दिघे.

मास्तरांचं डोकं सणकलं. शाळा सुटायचीही वाट न पाहता त्यांनी छापखाना गाठला.

"माझ्या नदीत हंस कुणी सोडले?"

"अरे, कोरडी नदी कोण भिंतीला लावील? माझ्या रंगाऱ्याने तासाभरात पाणी भरलं."

"त्या डबक्यातून जांभूळच्या बायका वाटीवाटीने पाणी उपसतात, शशिकांत! आणि तू त्यांच्या जागी ही बाहुली बसवलीस?"

"पण तुझं नाव झालं ना?"

"आग लागो त्या नावाला! माझं मूळ चित्र आण."

शशिकांतने कचरतच ते आणलं. हंस मूळ चित्रावरच रंगवले होते. चित्र काखेत मारून मास्तर चालते झाले.

घरी त्यांनी सुरीने हंस खरवडायला घेतले, तर खालचे खडकही निघून येऊ लागले. "पुरे हो, फाटेल ते," त्यांची पत्नी कुमुदिनी म्हणाली. "नदी आहे ना जाग्यावर? पुन्हा काढा."

पुढच्या चैत्रात त्यांनी नदी पुन्हा रंगवली, दुप्पट मोठी. या खेपेला डबक्याशी वाकलेल्या बायकाही होत्या. प्रदर्शनांतून दोनदा नापसंत होऊन परत आलेलं ते चित्र १९५६ साली मुंबईच्या एका प्रदर्शनात लागलं. तिथे शशिकांत आला.

"दिना, झालं गेलं विसर."

"विसरतो. आधी छापून जाहीर कर, की ते कॅलेंडर माझं नव्हे."

शशिकांतने तसं कधीच छापलं नाही. मास्तरही मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत.