पोह्यांबरोबर बीएमआय

शेजारच्या मेघाला बघायला पाहुणे आले होते. मी पोहे घेऊन बाहेर आले, तर मुलाच्या आईने मोबाइल काढलेला. "उंची किती गं? आणि वजन?" आकडे टाकून त्या म्हणाल्या, "बीएमआय सव्वीस! जास्तच आहे हो."

शिसारी आली मला. मेघा कबड्डी खेळते. कमावलेलं अंग आणि बसून साठलेली चरबी यांतला फरक त्या आकड्याला कळत नाही. डॉक्टर तिथून तपासायला सुरुवात करतात. या बाईंनी तिथेच निकाल लावला. बैल घेणारासुद्धा आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवतो.

"आता मुलाचं सांगा," मेघा शांतपणे म्हणाली.

बाईंचा अंगठा थबकला. सोफ्यावरच्या मुलाने हळूच पोट आत ओढलं.