मसुरीहून लहान गोगलगाय

पुण्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होतो तेव्हाची, एका दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. वेल्ह्याखालच्या आमच्या नदीत दगडांच्या पोटाला चिकटून राहणारी एक बारीक गोगलगाय मला हवी होती. मसुरीहून लहान. पाठीवर शंखाचं वळण नाही, दगडावर टोपी ठेवावी तशी दिसायची. गावात तिला नावही नव्हतं. बायको धुणं घेऊन नदीवर निघाली, तिच्याबरोबर मीही गेलो.

ती काठावर कपडे धूत होती. मी प्रवाहाच्या मधोमध, गुडघाभर पाण्यात, दगड उलटे करून भिंग लावत होतो. चाकूचं पातं अलगद सरकवलं नाही तर ती टोपी फुटायची, त्यामुळे मान वर करायला सवड नव्हती. तोरण्यावर सकाळपासून काळं आभाळ होतं. ते मी पाहिलं होतं आणि विसरलो होतो.

तिनं "अहो" म्हणून बऱ्याच हाका मारल्या, असं ती नंतर म्हणाली. खळखळाटात मला एकही ऐकू आली नाही. हातातल्या दगडाभोवतीचं पाणी तेवढं गढूळ झालेलं दिसलं. वाटलं, आपल्याच पायानं माती ढवळली. निवळायची वाट बघत उभा राहिलो. ते निवळेना. पालापाचोळा वाहत आला, आणि पाणी मांडीला लागलं.

तेव्हा तिनं मला माझ्या नावानं हाक मारली.

दचकून वर पाहिलं तर वरच्या वळणावरून तांबडं पाणी उसळत येत होतं. काठाकडे वळलो, पण पायाखालचे दगडच सरकत होते. तिनं धुतलेल्या लुगड्याचं एक टोक करंजाच्या बुंध्याला बांधलं आणि दुसरं पिळून माझ्याकडे फेकलं. ते वाहून गेलं. तिनं ओढून घेतलं, पुन्हा फेकलं. मी एका हातानं धरलं. दुसऱ्या हातात गोगलगायींची बाटली होती.

"बाटली टाका," ती म्हणाली. "दोनी हातांनी धरा."

मी टाकली.

मी काठावर आलो. ती बुंध्यावरची गाठ सोडवायला लागली, पण तिला ती सुटेना. ती मी सोडवली. मग खाली बघत ती म्हणाली, "घरी सांगू नगा."

"पाण्याचं?"

"न्हाई. नाव घेतल्याचं."

मी सांगितलं नाही. फाटलेलं लुगडं बघून आईनं विचारलं, तेव्हा पाय घसरला एवढंच बोललो. नदीचं पाणी उतरेपर्यंत सुट्टी संपली, आणि मी रिकाम्या हातानं पुण्याला गेलो.