चाचांच्या दारातली पेज

ब्याण्णव साली केनियाची नेकेसा आखातातल्या गुदैबिया वस्तीत जमालुद्दीनचाचांच्या किराणा दुकानात पहिल्यांदा आली आणि तिने नाचणीच्या पोत्यात सरळ हात घातला. चाचा खेकसले. ती मात्र मूठ नाकाशी धरून हसत होती. तिच्या गावाकडचंच धान्य होतं ते.

दुसऱ्या दिवशी तिने त्याची आंबट पेज करून आणली. एका घोटातच चाचांना रत्नागिरीच्या घरची आंबील आठवली आणि त्यांचा पारा उतरला. "बाय, नाचणी मी देतो. उद्यापासून माझ्या दारात पेज विकायला बस."

मग चाचांचा जाच सुरू झाला. मीना सलमान बंदरावर कामाला निघालेल्या कुणी बिस्किट मागितलं, की ते ओरडत, "बिस्किट मफी! नाही मिळणार! आधी तिची पेज पी, अंगात ताकद येईल." गिऱ्हाईकं कुरकुरत पीत आणि दुसऱ्या दिवशी आपणहून पेला पुढे करत.

हिवाळ्यात चाचा तापाने फणफणले, तरी गल्ल्यावर येऊन बसले. तोंडाला चव नव्हती, म्हणून त्यांनी हळूच बिस्किटांच्या बरणीत हात घातला.

"बिस्किट मफी!" दारातून अगदी त्यांच्याच सुरात कुणीतरी कडाडलं.

नेकेसा वाफाळता पेला घेऊन उभी होती. चाचांनी मुकाट्याने बरणीचं झाकण लावलं.