चौथा बोल्ट

सायकली दुरुस्त करणाऱ्या उस्तादांची आयुष्यभराची एक शिस्त होती. बोल्ट आवळला की त्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. ठिपका नाही म्हणजे बोल्ट आवळलेला नाही, विषय संपला!

आज त्यांची लेक जागतिक क्रीडास्पर्धेत रस्त्यावरच्या सायकल शर्यतीत उतरली होती. संघासोबत मेकॅनिक नव्हता, त्यामुळे सायकल उस्तादांनीच जुळवून दिली होती. दुकानातल्या टीव्हीपुढे अख्खी गल्ली लोटली होती. चढ संपता संपता लेक तिसरी आली, कॅमेरा तिच्या हँडलजवळ गेला आणि उस्ताद उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले. हँडल धरणाऱ्या चारपैकी तीनच बोल्टांवर ठिपका होता.

त्यांना लख्ख आठवलं. चौथ्याच्या वेळी शेजारी अभिनंदनाला आले होते आणि हे शहाणे पाना खाली ठेवून गप्पा हाणत बसले होते.

पुढे नऊ किलोमीटरचा उतार होता. "सोड ब्रेक, पोरी, सोड!" गल्ली ओरडत होती. उस्ताद तेवढे पुटपुटत होते, "मागे राहा गं बाई, शेवटची ये."

ती सुखरूप पोहोचली, पण अकरावी. "हातातलं पदक घालवलं," शेजारी चुकचुकले. "उतारावर घाबरली."

तासाभरानं तिचा फोन आला. "बाबा, हँडल हलत होतं, म्हणून जपून उतरले. तो बोल्ट आता मी आवळलाय, वर ठिपकाही दिलाय." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "इथं सगळ्यांना मी घाबरले असंच सांगितलंय."