चोळीसकट

"ती चोळी काढ," साहेब म्हणाला. "तुमच्यात घालत नाहीत ना? फोटो खरा वाटायला हवा."

दौंडला रेल्वेच्या रुळांशेजारी आम्ही बाया खडी फोडत होतो. भर उन्हात, सगळ्यांसमोर तो हे बोलला. लाजला नाही, अडखळला नाही. घमेलं जरा बाजूला सरकव म्हणावं, तसं म्हणाला.

मी वडाराची बाई. दगड फोडणं, विहिरी खणणं हे आमचं काम. आमच्या बायका तेव्हा चोळी घालत नसत. सीतामाईने हरणाच्या कातड्याची चोळी मागितली आणि त्यापायी रावण आला, म्हणून आपण घालायची नाही, असं जुनी माणसं सांगायची. हट्ट सीतेचा आणि शिक्षा आम्हाला. एका हाताने पदर सावरायचा, दुसऱ्याने हातोडी मारायची. मुकादमाची नजर कुठे असते ते सगळ्या जाणून होत्या. बोलत कुणीच नव्हतं.

त्याआधी शिरूरला एका शाळेची भिंत बांधत होतो. तिथल्या ख्रिस्ती बाईंकडे दुपारच्या सुट्टीत बसून मी शिवण शिकले. दोन लेकरांची आई होते तेव्हा. पहिली चोळी अंगात घालून पालावर आले, तर सासूने माझ्या हातची भाकरी सोडली. "सीतामाईपरीस मोठी झालीस व्हय?" म्हणाली. पंचांनी नवऱ्याला बोलावून झापलं. तो खाली मान घालून बसला, पण मला काढ म्हणाला नाही. एवढं त्याचं मी मानते. सासूने मात्र वेगळी चूल मांडली.

एवढं सोसून अंगावर आलेली ती चोळी. आणि हा मुंबईचा माणूस ती काढ म्हणत होता.

दोन दिवस तो गळ्यात कॅमेरा अडकवून आमच्यात फिरत होता. पोरांना गोळ्या वाटायचा. मला तेव्हाच खटकलं. फुकटात गोड बोलणारा माणूस दिसला की मी आधी त्याचे डोळे बघते. याचे डोळे आमच्यात काहीतरी शोधत होते. माझ्या शेजारणीच्या पायात टायरच्या चपला होत्या, त्या त्याने काढायला लावल्या. ती बिचारी तापलेल्या खडीवर अनवाणी उभी राहिली. तिचे फोटो झाले, मग तो माझ्याकडे वळला होता.

मी विचारलं, "सायेब, ह्यो फोटू कुठं लावनार?"

"प्रदर्शनात. मोठमोठी माणसं येतील. कष्टाचं सौंदर्य बघतील."

"तुमच्या घरातल्या बायाबी येतील?"

"येतील की."

"त्या अंगात काय घालून येतील?"

साहेबाचं तोंड लाल झालं. मागे छत्री धरून उभा असलेला मुकादम खेकसला, "काढ की गं. मिनटाचं काम हाय. न्हाईतर उद्यापास्नं येऊ नगंस."

मी सासूकडे बघितलं. ती रांगेतच बसली होती, उघड्या पाठीने. आता ही म्हणणार, बघ, मी सांगत होते. मला खात्रीच होती. म्हातारीने हातोडी खाली ठेवली आणि म्हणाली, "मुकादम, आमच्यातलं आमी बघू. तुमी मधी पडू नगा."

"मग ही म्हातारी चालेल," साहेब म्हणाला आणि कॅमेरा तिच्याकडे वळवला. सासूने पदर डोक्यावरून ओढला, गुडघ्यापर्यंत आणला आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. मी उठून तिच्यामागे उभी राहिले. साहेबाला आता माझी चोळी तेवढी दिसत होती. चोळीचा फोटो त्याला नको होता.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना कामावर घेतलं नाही. पाल मोडलं, गाढवावर लादलं आणि वरवंडला विहिरीच्या कामावर गेलो. सासू माझ्याशी गोड झाली असं नाही. तिने मरेपर्यंत चोळी घातली नाही. ते तिचं तिने ठरवलेलं होतं, मी कधी बोलले नाही.

अजूनही कुणी कॅमेरा घेऊन कामावर आला की मी हात थांबवते. फोटो कशाला काढतोस, कुठे लावणार, कोण बघणार, सगळं विचारते. बाया म्हणतात, लई संशयी हाय ही. आहेच. पंचांचं मी ऐकलं नाही, तिथे कॅमेरावाल्याचं काय ऐकणार? फोटो काढायचा तर मी आहे तशीच काढ. नाहीतर यंत्र आवर आणि चालू लाग.