योहान सरांचा रविवार

योहान सर फळ्यावर मानवी हृदय काढायचे ते दोन्ही हातांनी. डाव्या हातात निळा खडू, उजव्या हातात लाल. मुलांकडे पाठ करून ते मिनिटभर गप्प उभे राहायचे आणि मग दोन्ही हात एकदम चालू लागायचे. एक हात अशुद्ध रक्ताची बाजू काढायचा, दुसरा शुद्ध रक्ताची. मधला पडदा शेवटी, पांढऱ्या खडूने. दीडशे मुलांच्या वर्गात तेवढा वेळ फक्त पंख्यांचा आवाज असायचा.

मी तेव्हा पंचविशीतला, तिवशाकडचा, एम.एस्सी. केमिस्ट्री करून अकोल्याला मेडिकलच्या क्लासमध्ये शिकवायला आलेला. क्लासचे मालक प्रमोदभाऊ यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आठ दिवस योहान सरांच्या तासाला मागच्या बाकावर बसा. मग खडू हाती घ्या." तिसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं की चित्र काढण्याआधी तुम्ही गप्प का उभे राहता, चित्र आठवता का?

"नाही बावा," ते म्हणाले. "चित्र तं हातात बसलं हाय. मी देवाजवळ मागून घेतो, का आज माह्या तोंडून एखाद्या पोट्ट्याचा अपमान होऊ नये. ढ पोट्टा समोर असला का मास्तरची जीभ लय सुटते."

योहान सर मूर्तिजापूरचे. त्यांचे वडील शकुंतला रेल्वेवर, म्हणजे तिथल्या अरुंद रुळांच्या गाडीवर, गेटमन होते आणि आजोबांच्या काळात घर ख्रिस्ती झालेलं. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, त्यांचं चर्च लहान, कौलारू. दर रविवारी सकाळी सर अकोल्याहून रेल्वेने मूर्तिजापूरला जायचे. उपासनेत बाजा, म्हणजे पेटी, वाजवायचे, नंतर लहान मुलांना तासभर शिकवायचे, दुपारी आईच्या हातची भाकर खाऊन परत यायचे. त्यांना त्या मंडळींचा फार लळा होता. मंडळीतल्या कोणाची म्हैस व्याली हेही ते स्टाफरूममध्ये कौतुकाने सांगायचे.

धर्माविषयी ते आपणहून कधी बोलायचे नाहीत. विचारलं तर बोलायचे, तेही जीवशास्त्राच्या भाषेत. गाठींचा धडा शिकवताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "पोट्टेहो, वाढणं वेगळं अन् सुजणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. डॉक्टर तोच, ज्याले फरक समजते." मुलं हे वाक्य वहीत उतरवून घ्यायची. परीक्षेत त्याचा उपयोग शून्य.

मला क्लासमध्ये लागून तिसऱ्या वर्षी आमच्या क्लासचा निकाल असा लागला की प्रमोदभाऊंनी चौकात बँड लावला. महिन्याभरात अमरावतीला शाखा काढायचं ठरलं. भाऊंनी योहान सरांना बोलावलं आणि भागीदारी देऊ केली. पगार नाही, वाटा. अट एकच होती. दोन्ही शाखांच्या परीक्षा रविवारी, दिवसभर, आणि पेपर सुटल्यावर प्रश्नांची चर्चा जीवशास्त्राच्या भागीदाराने स्वतः करायची.

सर हो म्हणाले.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोकांनी त्यांना संत करून टाकलं. ते हो म्हणाले आणि आनंदाने म्हणाले. सरांच्या पत्नी रेखावहिनी एका खाजगी दवाखान्यात नर्स होत्या, भाड्याच्या दोन खोल्यांत संसार होता, मुलगी कृपा सहावीत होती. वहिनींनी अकोल्याच्या जठारपेठेत एक फ्लॅट पाहून ठेवला. सरांनी गाडी घेतली आणि मला सोबत घेऊन अमरावतीपर्यंत चालवून पाहिली. बडनेऱ्याजवळ आलूबोंडे खाताना ते म्हणाले, "गजू, बाबा आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीसाठी गेट उघडत राहिले रे." त्यांचा आनंद खरा होता आणि तो पाहून मलाही बरं वाटलं.

चार महिने असे गेले. रविवारी सर सकाळी अकोल्याला आणि दुपारी अमरावतीला असायचे. मूर्तिजापूर वाटेतच होतं, पण गाडी तिथे थांबायची नाही. फळ्यापुढचं ते मिनिटभर उभं राहणंही कधी बंद झालं ते माझ्या लक्षात आलं नाही. एक दिवस मात्र त्यांनी एका मुलाला भर वर्गात "तुह्या बापानं बैल पाठवला का शिकाले?" असं म्हटलं, तेव्हा वर्ग हसला आणि मी दचकलो.

त्यानंतरच्या सोमवारी ते सकाळी लवकर आले. मी स्टाफरूममध्ये एकटाच होतो. शर्टाची बाही चाचपत ते माझ्यासमोर बसले.

"गजू, पहिल्या रविवारी मी चर्चले गेलो नाही, तं आंग भाजल्यासारखं झालं. दुसऱ्या रविवारी थोडं कमी. मंग आणखी कमी. काल रात्री जेवतानी रेखानं विचारलं, आज वार कोणता? अन् मले सांगताच येईना. दिवसभर परीक्षा घेतल्या, पण काल रविवार होता हेच मी विसरलो होतो. जखम दुखते तोवर बरं असते. दुखणं थांबलं का समजाव, तिथली नस मेली."

ते उठून थेट प्रमोदभाऊंच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं. भाऊ वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "सर, तुमचा देव मंगळवारी भेटत नाही का?"

"तो भेटते, भाऊ. मीच भेटत नाही त्याले. मंगळवारी मी कामात असतो, बुधवारी पैशात असतो. एक दिवस बांधून घेतला होता, तोही तुमाले देऊन बसलो."

"अर्धा दिवस घ्या. सकाळचा."

"भाऊ, मी स्वतःले वळखतो. अर्धा दिला तं बाकीचा अर्धा मीच तुमच्याकडे घेऊन येईन. माहा वाटा दुसऱ्या कोणाले द्या. शिकवाले मी पगारावर राहतो, रविवार सोडून."

घरी मात्र वादळ झालं. रेखावहिनी प्रार्थना करणाऱ्या, पण त्यांनी फ्लॅटच्या खिडक्यांना पडदे कोणते लावायचे इथपर्यंत ठरवलं होतं. त्या सरांना माझ्यादेखत म्हणाल्या, "देव तुमच्याशी बोलला असन. माह्याशी नाही बोलला. मले विचाराले काय झालं होतं?" सरांनी मान खाली घातली. "चुकलो," ते म्हणाले, "हे पहिले तुले सांगाले पाहिजे होतं." सहा दिवस वहिनी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. सातव्या दिवशी रविवार होता. सर निघाले, तेव्हा त्याही पदर खोचून, कृपाचा हात धरून, स्टेशनवर आल्या. सर सांगायचे, गाडीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, पण आल्या होत्या.

तो वाटा प्रमोदभाऊंनी मला देऊ केला. मी सरांकडे गेलो. खरं म्हणजे त्यांनी नाही म्हणावं, असं मला आतून वाटत होतं, म्हणजे निर्णय माझ्यावर राहिला नसता. ते म्हणाले, "घे. तू चांगला शिकवतो. माहं दुखणं माहं हाय, ते तुह्या अंगाले कावून लावू?" मी घेतला.

पुढच्या वर्षी राजस्थानकडून जीवशास्त्राचे नवे शिक्षक आले. सरांचे तास कमी होत गेले, मग वरच्या वर्गांचे बंदच झाले. त्यांनी तक्रार केली नाही. बिऱ्हाड उचलून ते मूर्तिजापूरला गेले. वहिनींना तिथल्या एका दवाखान्यात काम मिळालं आणि सर चर्चच्या बाजूच्या खोलीत आसपासच्या खेड्यांतल्या मुलांना शिकवू लागले. बाक नव्हते, सतरंज्या होत्या. गाडी विकली. प्रमोदभाऊंचं मात्र काही वाईट झालं नाही, हेही सांगायला हवं. त्यांचा क्लास वाढला, माझाही वाटा वाढला. जठारपेठेत आज मी राहतो.

खरी परीक्षा सहा वर्षांनी आली, ती सरांची नव्हे, कृपाची. पोरगी हुशार, बापाच्याच हाताखाली तयार झालेली. सरकारी मेडिकलची जागा थोडक्यात हुकली. खाजगी कॉलेजात मिळत होती, पण तिथला खर्च योहान सरांच्या आवाक्यातला नव्हता. सगळ्यांना माहीत होतं की तो वाटा ठेवला असता तर आवाक्यातला असता. मी त्याच संध्याकाळी मूर्तिजापूरला गेलो. ओट्यावर सर, वहिनी आणि कृपा बसले होते. कोणी रडत नव्हतं. मी बसल्या बसल्या म्हटलं, "सर, कृपाच्या कॉलेजचा खर्च माझ्याकडे. परत करायचं नाही."

सर म्हणाले, "तू देशीन, मले माहीत हाय. पण मंग मी जे सोडलं, तेच तुह्या हातून घेतलं असं होईन. नको लेका."

तेव्हा कृपाने मान वर केली. "पप्पा, तुमी तवा भागीदारी ठेवली असती, तं मी डॉक्टर झाली असती ना?"

मला वाटलं सर काहीतरी समजूत घालतील, देवाची इच्छा वगैरे म्हणतील. ते म्हणाले, "हो. झाली असती."

"मंग तुमाले वाईट नाही वाटत?"

"वाटते. आज तं लय वाटून राहिलं. पण बेटा, त्या चार महिन्यांत तुह्या घरात जो माणूस राहत होता, त्यानं तुले डॉक्टर केलं असतं. पण तो माणूस मले पसंत नव्हता. तुले तो बाप म्हणून द्यावा, असं मले वाटलं नाही."

कृपा उठून आत गेली. वहिनीही तिच्यामागे गेल्या. सर आणि मी अंधार पडेपर्यंत बसून राहिलो. मी निघालो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "प्रार्थनेत ठेव तिले. तुह्या देवाले सांग, चालते मले."

कृपाने बी.एस्सी. नर्सिंग केलं. अलीकडे ती मूर्तिजापूरजवळच्या एका उपकेंद्रावर आरोग्य अधिकारी म्हणून लागली आहे. दोन गावांच्या बाळंतिणी, म्हातारी माणसं, साखर, बीपी, सगळं तिच्याकडे असतं. गेल्या नोव्हेंबरात सरांचा फोन आला, की चर्चमध्ये कापणीचा सण आहे, ये. मी या पंधरा वर्षांत त्यांच्या चर्चमध्ये कधी गेलो नव्हतो. गेलो तर कृपाच दारात उभी होती. वेदीसमोर कापसाची बोंडं, सोयाबीन, ज्वारी, संत्री आणि एक मोठं कोहळं मांडलेलं होतं.

मी तिला हळूच विचारलं, "राग गेला का गं?"

"काका, दोन वर्षं होता," ती म्हणाली. "पप्पा बाजा वाजवत तं मी तोंड फिरवून बसे. पण माहा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या वर्षी पप्पाच्या वर्गातल्या दोन पोरी मेडिकलले लागल्या, एक कुरुमची अन् एक बोरगावची. पप्पा पेढे वाटत फिरले. मी पाह्यत होती, त्यायले आतून कुठं दुखून राहिलं का. नव्हतं दुखत. ते खरंच खुश होते. दुसऱ्याच्या पोरीसाठी एवढं खुश होता येते, हे मले आपल्या घराशिवाय कुठं दिसलं असतं?" मग ती हसली. "अन् डॉक्टर नसली तरी गावातल्या बाया मले डॉक्टरीणच म्हणतात. मी सांगून थकली."

उपासना संपताना पाळकसाहेबांनी पाहुण्यांची ओळख करून द्यायला सांगितलं. योहान सर बाजा सोडून उठले. त्यांचा वाटा घेतलेला माणूस, अशीच माझी त्या गावात ओळख असणार, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

सर म्हणाले, "हे गजाननराव, माहे मित्र. अकोल्यात जे काम माह्या वाट्याचं होतं, ते हे करून राहिले. मी सोडून आलो, यायनं सांभाळलं. तिथल्या लेकरांचं ओझं यायच्या एकट्याच्या खांद्यावर हाय. यायच्यासाठी प्रार्थना करा."

तीस-पस्तीस माणसांनी डोळे मिटले. माझेही मिटले, कारण उघडे ठेवणं शक्य नव्हतं.

बाहेर जेवणाच्या पंगतीत सुशिलाबाई नावाच्या ऐंशीच्या घरातल्या एक बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "पोरं किती हायत तुह्याकडं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सातशेच्या वर. "मंग नावं सांग. मी रोज सकाळी प्रार्थनेत घेईन. सातशे म्हणून देवाले काय समजन?"

मी नावं सांगू लागलो. त्या एकेक नाव पुटपुटत पाठ करत होत्या. नऊ नावांनंतर मी अडलो. त्यातलीही दोन मागच्या वर्षीची होती. सर पलीकडे वरण वाढत होते. त्यांनी ऐकलं असणार, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी वर्गात गेलो, खडू ठेवला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीला नाव विचारलं. ती गोंधळली. "सर, मी दोन वर्षांपासून तुमच्याकडेच आहे," ती म्हणाली, "वैष्णवी." तिच्या शेजारचीचं विचारलं, मग मागचीचं. तो तास त्यातच गेला, केमिस्ट्री काही झाली नाही. संध्याकाळी मी योहान सरांना फोन लावला आणि म्हटलं, सुशिलाबाईंसाठी आणखी नावं आहेत.

"थांब, पेन घेतो," सर म्हणाले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हं, सांग."